मोजितोचं चीज

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या शेजारच्या काकू बोलायला लागल्या की आधी "आता मले सांग" म्हणतात आणि मग सगळं स्वतःच सांगतात. काकांनी दारू सोडल्यापासून एकतीस डिसेंबरला त्यांचे यार्डातले दोस्त यायचे बंद झाले होते. यंदा काकूंनीच सगळ्यांना बोलावलं.

मी मदतीला गेले तेव्हा त्या चीजचे चौकोनी तुकडे लिंबाचा रस, कुटलेला पुदिना, पिठीसाखर आणि काळ्या मिठात घोळवून एकेक काडीला टोचत होत्या.

"आता मले सांग, मोजितोत मजा कायची असते? लिंबाची अन् पुदिन्याची. रम तं उगाच नाव घालवते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मोबाइलवर पाह्यलं. पह्यला तुकडा देवाले दाखवला. तो काही बोलला नाही."

दोस्त आले, हसले, "भाभी, और है क्या?" करत ताट रिकामं करून गेले.

काका बाहेरून आले की काकू त्यांचा मफलर नीट करतात आणि तेवढ्यात हळूच त्यांच्या तोंडाचा वास घेतात. हे मला ठाऊक आहे, काकांनाही आहे. दोस्तांना फाटकापर्यंत सोडून काका परतले, तेव्हा मफलर एका खांद्यावरून लोंबत होता. ते सवयीने काकूंसमोर मान वाकवून उभे राहिले.

काकूंनी झाकून ठेवलेली शेवटची काडी त्यांच्या हातात दिली.

"आता मले सांगा, मफलर तुमाले सोताले बांधता येत नाही का?"