बांगड्याचा लेख

बर्फातल्या मासळीचा वास आला की मला मुरुडच्या बाजारातली ती सकाळ आठवते. वेबसाइटसाठी लेख लिहायचं माझं काम तेव्हा इतकं वाढलं होतं की मी ते गावातल्या चार मुलींना वाटून दिलं होतं. ताजी मासळी कशी ओळखावी, हा त्यांच्यातल्या एकीचा लेख काम देणाऱ्या मुंबईच्या कंपनीने ‘फार पुस्तकी’ म्हणून दोनदा परत पाठवला. पुन्हा असाच आला तर काम बंद, असंही कळवलं. मुलगी रडवेली झाली. मी तिला घेऊन बाजार गाठला आणि एका कोळणीला लेख वाचून दाखवला. ती पोट धरून हसली. “लिवणारनीनं म्हावरं कवा हातात घेतलं हाय का?” म्हणत तिने मुलीच्या हातात बांगडाच दिला. “कल्ला उघड. लाल हाय ना? आता बोटानं दाब. खड्डा ऱ्हातो का बघ.” मुलीने उलट्या टोपलीवर बसून तिथेच फोनवर नवा लेख लिहिला. दुपारी कंपनीचं उत्तर आलं, असेच आणखी वीस हवेत. आम्ही धावत जाऊन कोळणीला सांगितलं. “वीस?” ती म्हणाली, “आदी हे बांगडे घ्या, मंग बोला!” आता माझ्याकडे बरेच जण लिहितात, पण नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडू देत नाही, बाजारात पाठवते.