मान वर करायची नाही

आमच्या मावशीला घरात सगळे चौफुली म्हणतात. शिवलेल्या कपड्यांना काज-बटणं करायचा तिचा धंदा. हात सुईवर, एक डोळा टीव्हीवरच्या मालिकेवर, दुसरा मोबाईलवर, कानात कुठलीतरी रहस्यकथा आणि वर तोंडाने गप्पा! एकदा तर बाईसाहेबांनी शर्टाला दोन्ही बाजूंना काजंच पाडली. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, बटणं काय मी छातीला लावू?"

मग आईच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. आमच्याच गल्लीतल्या डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर पालथं पडून राहायचं, मान वर केली तर डोळा हातचा जाईल. आणि आई म्हणजे पायाला भिंगरी! मला धडकीच भरली.

"मी तिला मालिका सांगते ना," मावशी म्हणाली. "बघ कशी गुपचूप पडते."

डोंबल! सकाळी मालिकेतला सासरा विहिरीत बुडून मेला, आणि संध्याकाळी तोच लग्नात नाचायला लागला.

"अगं, तो मेला होता ना?" आईने ताडकन मान उचलली.

"मेला? हो की! मग नाचला कोण?" मावशी स्वतःच चक्रावली. "मोबाईलवरचा असेल गं तो."

मी आईचं डोकं खाली दाबलं आणि मावशीवर उखडले. "एक तरी गोष्ट धड बघितलीस का तू? तिचा डोळा जाईल!"

मावशीचा चेहरा एवढासा झाला. तिने टीव्ही बंद केला, मोबाईल माझ्या हातात कोंबला. "खरंच गं, कुठलीच धड बघितली नाही. आता मनानेच सांगते."

एक शिंपीण होती म्हणे, आणि तिच्या दुकानामागे एक बंद खोली. सुरुवातीला मावशी अडखळली, मग अशी रंगली की विचारू नका! सुई हातातच राहिली. माझा चहा उतू गेला. शिंपिणीचा लहानपणी हरवलेला भाऊ परत आला तेव्हा सांगता सांगता मावशीच ढसाढसा रडली. वेडी कुठली! मीही रडले, ते सोडा. रोज गोष्ट पुढे सरकत होती आणि आई उशीत नाक खुपसून नुसती हुंकार देत होती.

आठवडा संपला. डॉक्टर आले, तपासून खूश झाले. "शाब्बास! डोळा वाचला. करा आता मान वर."

"थांबा हो!" आई उशीतूनच खेकसली. "शिंपीण आत्ता कुठे त्या खोलीचं कुलूप काढतेय!"