तुरटीवरचा खळगा

शकूताई गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. मी दुपारची वाचत पडले होते. शेजारच्या अंगणात पाणी ओतल्याचा आवाज आला. हिसळून टाकलेलं तपेलं नव्हे, भरलेला हंडा उपडा करावा तसा भडाभडा. आमच्या पुंडलिकनगरात त्या उन्हाळ्यात नळ कधी येईल याचा नेम नव्हता आणि त्या घरातून तर इतक्या वर्षांत पाणी सांडल्याचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. तिथं तांदळाचं धुवण भाजीला जायचं, भाजीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं कढीपत्त्याला. मी पुस्तक पालथं ठेवलं. दुसरा हंडा ओतला गेला... तेव्हा मला कळलं की त्या घरात कुणीतरी गेलं आहे, आणि पाणी असं ओतू दिलं जातंय म्हणजे शकूताईच गेल्या आहेत.

माणूस गेलं की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून टाकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. जीव पाण्यापाशी घोटाळतो म्हणतात. शकूताईंच्या नणंद, गयाआत्या, चार दिवस राहायला म्हणून गावाहून आल्या होत्या, त्यांनीच हंडे उचलले होते. मी पोचले तेव्हा शकूताई बाहेरच्या खोलीत सतरंजीवर होत्या, दुपारी आडव्या झाल्या त्या तशाच. त्यांचे यजमान नामदेवभाऊ उशाशी बसले होते. सून वर्षा महिन्याचं तान्हं बाळ छातीशी धरून दारात उभी होती आणि मागच्या अंगणात गयाआत्या निळ्या ड्रमाला हात घालत होत्या. हंडे गेले होते. घरात पाणी उरलं होतं ते या एका ड्रमात.

मी मोठ्यानं बोलणारी बाई नाही. नोकरी वाचनालयात गेली, तिथं खुणेनंच बोलायची सवय. पण त्या दिवशी मी ड्रमाच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाले, हे राहू द्या, शकूताईंनी सांगून ठेवलंय. ते खोटं नव्हतं.

दोनच दिवस आधी आम्ही आमच्या मधल्या भिंतीशी उभ्या होतो. भिंतीवर कोपर टेकून बोलायचं, ही आमची वीस वर्षांची बैठक. शकूताई मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लहानपण वडलांच्या कळपामागं गेलेलं. त्या दिवशी काय निघालं कोण जाणे, आपली आई गेली तेव्हाचं सांगायला लागल्या. दुष्काळाचं साल, विहीर आटलेली, आणि आई गेल्याबरोबर म्हाताऱ्यांनी घरातला एकुलता एक रांजण अंगणात ओतला. सुतकातल्या घराला दुसऱ्या कुणी पाणी देईपर्यंत संध्याकाळ झाली. "आम्ही लेकरं दिवसभर त्या वल्ल्या मातीला गाल लावून पडलो होतो, वैनी. थंड लागायचं. आईच लागतीय वाटायचं." मग म्हणाल्या, "माझ्या वख्ताला कुणाला पाणी वतू देऊ नका. घरात तान्हं हाय."

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, अहो, पण जीव पाण्यापाशी थांबतो म्हणतात.

"थांबला तर थांबला. खाते का काय मी कुणाला?"

आणि हसल्या.

माझी त्यांची ओळख झाली ती झुरळांवरून. आम्ही राहायला आलो तेव्हा बीड बायपासच्या बाजूला ज्वारीची शेतं होती. आमच्या गच्चीवरून मोकळं रान दिसायचं. शहराचं नावही तेव्हा दुसरं होतं. माझ्या स्वयंपाकघरात झुरळं झाली, तर शेजारणीनं भिंतीवरून सांगितलं की काकडीची सालं टाका कोपऱ्यात, वासानं पळतात. मी टाकली. जेवायला बोलावल्यासारखी होती नव्हती तेवढी सगळी झुरळं आली. मी तक्रार केली तेव्हा त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तुमची काकडी गोड निघाली असंल." त्यांचे सगळेच उपाय असे नव्हते. तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला, दूध तापवण्याआधी पातेल्यात फिरवलेला पाण्याचा घोट, तांब्याला आमसुलाचा कोळ, पाणी वाचावं म्हणून राखेनं कोरडी घासलेली भांडी, बाळाचं पोट दुखलं की तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी आणि बेंबीभोवती हिंगाचं बोट... हे मी सगळं त्यांच्याकडून उचललं. आता त्यातलं त्यांचं कुठलं आणि माझं कुठलं, हेही मला सांगता येणार नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्या कुणाला काही शिकवत नसत, स्वतःच करत. हळूहळू ज्वारीची शेतं गेली, बिल्डिंगी आल्या, प्रत्येक बिल्डिंगीनं आपलं बोअर घेतलं आणि आमच्या हापशाला आधी गढूळ पाणी यायला लागलं, मग नुसता वारा. जायकवाडी तळाला गेल्याच्या बातम्या यायच्या आणि टँकरचं पाणी चहाच्या रंगाचं असायचं. शकूताई ते ड्रमात भरून घेत आणि त्यात तुरटी फिरवत. डाव्या हातानं. त्या डावखुऱ्या होत्या आणि गयाआत्या त्यावरून त्यांना जन्मभर टोचत आल्या, की डाव्या हाताचं पाणी देवाला चालत नाही. "देव टँकरची लाईन लावतो का?" असं त्या एकदा नणंदेला म्हणाल्याचं मला आठवतं. मुठीएवढा तुरटीचा खडा, बाही कोपरापर्यंत मागं सारलेली, आणि ड्रमाच्या कडेकडेनं संथ फिरणारा हात. खडा मधूनच प्लास्टिकला लागून खरखरायचा. घटकाभरानं गाळ तळाशी बसायचा, पाणी वरून काचेसारखं व्हायचं. इतक्या वर्षांत त्या खड्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. एकदा मी सहज तो हातात घेतला, तर माझ्या उजव्या हातात तो बसेना. त्यांचं काम झालं की खडा खिडकीतल्या वाटीत, पाणी घ्यायचा पेला ड्रमाच्या झाकणावर उपडा.

तर त्या दुपारी गयाआत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वर्षाकडं. बाळ रडत होतं. नळाचा पत्ता नव्हता. "ठेवा," त्या म्हणाल्या, "पण ती हितंच ऱ्हाईल, मग मला बोल लावू नका. तेराव्याला तरी वता." आणि त्यांनी ड्रमावरचा हात काढला. शकूताईंना नेल्यावर नामदेवभाऊ मागच्या ओट्यावर ड्रमाशेजारी जाऊन बसले आणि मग तीच त्यांची जागा झाली.

त्यानंतर त्या घरात जे झालं ते मी जसं पाहिलं तसंच लिहिते आहे. चौथ्या की पाचव्या दिवशी गल्लीत टँकर आला. ड्रमातल्या शिल्लक पाण्यावरच नवं पाणी भरलं, लालसर, गढूळ. घाईत तुरटी फिरवायची राहिली. सकाळी वर्षानं झाकण काढलं तर पाणी स्वच्छ. तिला वाटलं मी फिरवून गेले. मला वाटलं तिनं फिरवली असेल. गयाआत्या तर ड्रमाच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि विषय सोडून दिला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. पेला, जो वर्षा नेहमी उताणा ठेवायची, तो झाकणावर उपडा. एका दुपारी मी कढीपत्ता घ्यायला मागं गेले, तर निळ्या झाकणावर ओल्या तळव्याचा ठसा होता. वैशाखातलं ऊन, ओला हात ठेवला तर बघता बघता वाळतो. हा ठसा माझ्यासमोर कडेकडेनं आटत गेला. म्हणजे कुणीतरी नुकतंच इथून गेलं होतं. ओट्यावर भाऊ भिंतीला डोकं टेकून झोपलेले. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मी कढीपत्ता न घेताच परतले.

वर्षा घाबरली. तिचा नवरा वाळूजला कंपनीत, दिवसाचे कितीतरी तास घरात ती, बाळ आणि सासरे; गयाआत्या पुढच्या खोलीतून हलत नसत. ती मला म्हणाली की तेराव्याला ड्रम ओता नाहीतर मी बाळाला घेऊन माहेरी जाते. तिचं माहेर शहरातच, छावणी भागात. तिथं तरी कुठं पाणी भरून वाहत होतं. पण भीतीला हिशेब नसतो. आणि माझ्यापुढं एवढाच प्रश्न होता, की शकूताईंनी तोंड उघडून मागितलेली एकच गोष्ट आपण तेरा दिवसही पाळायची नाही का?

तेराव्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, मी तिच्याशी याच गोष्टीवर बोलत बसले होते. बाळाला पोटशूळ उठला होता. ओव्याची पुरचुंडी झाली, हिंग झालं, बाळ काही केल्या राहीना. आणि मग मध्येच राहिलं... एकदम. डोळे उघडे, मान मागच्या दाराकडं. वर्षा मला काहीतरी सांगत होती ती थांबली. त्या शांततेत आम्हा दोघींनाही तो आवाज आला. पाण्याची संथ गुळगुळ, आणि मधूनच खरखर. बाळ जन्मल्यापासून तो आवाज ऐकत आलं होतं.

वर्षानं माझा हात धरला. आम्ही मागच्या दारात गेलो.

ड्रमाशी नामदेवभाऊ उभे होते. बाही कोपरापर्यंत मागं सारलेली. हात पाण्यात, कडेकडेनं फिरणारा. डोळे उघडे होते, पण समोरच्या कढीपत्त्याकडं लागलेले, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे. जन्मात या माणसानं स्वयंपाकघरातला पेला उचलून ठेवलेला मी पाहिला नव्हता. मी हळूच विचारलं, "भाऊ, काय करताय?"

त्यांनी वळून बघितलं. "मी? बसलोय की इथंच." मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडं गेलं. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. त्या हाताकडं ते दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसे बघत राहिले.

मलाही तोवर उमगलं नव्हतं. वर्षानं माझा दंड घट्ट दाबला तेव्हा दिसलं. हात डावा होता. भाऊंच्या डाव्या हाताची बोटं कित्येक वर्षांपूर्वी मशीनमध्ये सापडून आखडलेली आहेत. त्या हातानं त्यांना शर्टाची गुंडी लावता येत नाही, शकूताई लावून द्यायच्या. आणि आता त्या बोटांत तुरटीचा खडा होता, अंगठा खळग्यात नीट बसलेला.

वर्षा पुढं झाली. मला वाटलं ती ओरडेल. तिनं पदरानं त्यांचा हात पुसला, बोटं एकेक करून सोडवली, खडा वाटीत ठेवला. मग ड्रमावर झाकण घातलं, आणि पेला उपडा ठेवला. "चहा टाकते, मामा," एवढंच म्हणाली. माहेरी जायचं त्यानंतर तिनं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेरावा झाला. पानं उठल्यावर गयाआत्या पदर खोचून मागं आल्या, ड्रम ओतायलाच. उन्हानं आणि रडण्यानं त्यांचा घसा सुकला होता. ओट्यावर टेकल्या आणि पाणी मागितलं. वर्षानं पेला उताणा केला, ड्रमात बुडवला आणि त्यांच्यापुढं धरला. लपवून नाही, त्यांच्या देखत. गयाआत्यांचा हात तसाच राहिला. बराच वेळ त्या पेल्याकडं बघत होत्या. त्यांच्या गावालाही विहिरी आटलेल्या. मग त्यांनी पेला घेतला आणि सगळा प्यायल्या.

"तिच्याच हातचं हाय," म्हणाल्या. रागानं नाही. उठल्या, पेला झाकणावर उपडा घातला, आणि पुढच्या दारानं गाडीला निघून गेल्या. ड्रम तसाच राहिला.

याला आता काही आठवडे झाले. ड्रम अजून रिकामा झालेला नाही. टँकर आला की उरलेल्या पाण्यावर नवं पडतं, म्हणजे त्या दिवसाचं पाणी थोडं का होईना त्यात आहेच. ऊन कललं की आवाज येतो. वर्षा आता उठून बघत नाही, बाळाला मांडीवर घेऊन ऐकत बसते. भाऊंना विचारलं तर ते अजूनही म्हणतात, मी कुठं काय करतो. वर्षानं क्रांती चौकातून तुरटीचा नवा खडा आणून ठेवला आहे. तो कागदातच आहे.

काल मी भिंतीपाशी उभी होते. जुन्या सवयीनं कोपर टेकलं. पलीकडं कुणी नव्हतं, भिंतीलगतच्या खिडकीत वाटी होती. भिंतीवरून हात लांबवून मी खडा उचलला. मुठीएवढा होता तो आता सुपारीएवढा राहिला आहे. सगळ्या बाजूंनी झिजला. खळगा मात्र तेवढाच आहे, तेवढाच खोल... आणि हात लावला तेव्हा ओला होता.