पालकांशी फोनवर बोलणे झाले

कॉलेजची तपासणी करणारी कमिटी यायला अकरा दिवस उरले होते, तेव्हा ती माझ्या केबिनच्या दारात आली. दुसऱ्या वर्षाची मुलगी, सांगोल्याकडची, हॉस्टेलवर राहणारी. प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या आधी हजर असायची. म्हणाली, "मॅडम, घरी स्थळ आलंय. पप्पा म्हणतेत, उन्हाळ्यात उरकून टाकू, कॉलेज बास झालं. पण तुमच्या मॅडमनी फोन केला तर थांबतो, असंबी म्हणलेत. एकच फोन करा की."

"करते गं. आज दुपारीच करते," मी म्हणाले आणि नंबर कागदावर लिहून घेतला. मी तोंडदेखलं बोलत नव्हते. पोरीत दम होता, आणि ते मला तिच्या बापापेक्षा जास्त माहीत होतं.

पण दुपार सापडायला हवी ना! आमच्या रसायनशास्त्र विभागात सहा जागा, त्यातल्या चार कित्येक वर्षं रिकाम्या. तासिकेवरचे लोक येतात, चार महिने शिकवतात आणि दुसरीकडे काही मिळालं की जातात. उरलो मी आणि आमचे विभागप्रमुख. त्यांची निवृत्ती जवळ आलेली, त्यामुळे कॉम्प्युटर दिसला की त्यांना धाप लागायची. पाच वर्षांचे अहवाल, हजेरीपत्रकं, ठिकाण आणि वेळ उमटलेले फोटो, सगळं माझ्या गळ्यात. वृक्षारोपणाचे फोटो सापडेनात म्हणून एका दुपारी आम्ही लावलेलीच झाडं पुन्हा लावली. ऐकणाऱ्याला हसू येतं. मला तेव्हा त्या खड्ड्याशी उभं राहून रडू येत होतं. प्राचार्यांचे ग्रुपवरचे मेसेज पहाटे पाचला सुरू व्हायचे, आणि प्रत्येकावर 'अर्जंट'.

भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट जन्मापासून ऐकत आले, तोसुद्धा त्या दिवसांत डोक्यात जायचा. नवऱ्याने चहा पुढे केला तरी मी खेकसायची. तासावर कुणी शंका विचारली की राग यायचा. शिकवण्यासाठी जीव टाकणारी मी, मला शंकेचा राग यावा! त्याची मला मनातून फार भीती वाटायची.

तीन दिवसांनी ती पुन्हा व्हरांड्यात गाठ पडली. "मॅडम, केला का फोन?"

"करते म्हटलं ना! डोकं नको खाऊस." ती मान हलवून गेली. मी हातातल्या फायली घेऊन ऑफिसात गेले.

आमच्याकडे प्रत्येक प्राध्यापकाला पंचवीस मुलं वाटून दिलेली असतात. त्यांना दर महिन्याला भेटायचं, अडचणी विचारायच्या आणि काय केलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. भेटायला वेळ कुणालाच नसतो, रजिस्टर मात्र भरलेलं लागतं. म्हणून कमिटीच्या आधीच्या शनिवारी दुपारी मी वर्षभराच्या सगळ्या भेटी एका बैठकीत लिहून काढल्या. त्यात तिचं पान आलं. अडचण: घरून लग्नाचा आग्रह. उपाययोजना: पालकांशी फोनवर बोलणे झाले, शिक्षण चालू ठेवण्यास त्यांनी संमती दिली. आता उठून फोन करायचाच आहे, मग आधी लिहिलं काय नि नंतर लिहिलं काय, असा विचार केला. सही ठोकली, पान उलटलं. आणि मला चक्क मोकळं वाटलं, काम उरकल्यावर वाटतं तसं. पुढच्या पंधरा पानांत फोन जो डोक्यातून गेला तो गेलाच.

मंगळवारी कमिटी आली. प्राचार्यांनी नेमकं तेच पान पुढे केलं. आमच्या मॅडमनी एका मुलीचं शिक्षण वाचवलं, म्हणाले. कमिटीतल्या एका सदस्यांना कौतुक वाटलं. ते म्हणाले, बोलवा की तिला.

ती आली, ओढणी सारखी करून उभी राहिली. सदस्यांनी तिच्यापुढे रजिस्टर धरलं आणि विचारलं, मॅडमनी खरंच वडिलांना फोन केला होता का? तिने ती ओळ वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना.

"होय सर, केला होता," ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या. प्राचार्य माझ्याकडे बघून हसले.

चहाच्या सुट्टीत मी धावतच तिला जिन्याखाली गाठलं. "अगं, खोटं का बोललीस? मी अजून केला नाही गं फोन. आत्ता करते, दे तुझा मोबाइल."

"तुमाला सगळ्यांपुढं बोलणी बसली असती की, मॅडम." मग खाली बघत म्हणाली, "आता कशाला? परवा रविवारी सुपारी फुटली."

तरी मी तिच्याच मोबाइलवरून फोन लावला. मी कोण ते सांगितलं, माफी मागितली, लग्न मोडता येईल का असंही निर्लज्जासारखं विचारलं. ती शेजारीच उभी होती.

"आता शब्द दिलाय, मॅडम," तिचे वडील शांतपणे म्हणाले. "शनिवारी संध्याकाळपत्तोर पाव्हण्यांना थांबवून धरलं हुतं. पोरगी रोज सांगायची, आज येतोय बघा मॅडमचा फोन. तुमी मोठी माणसं, कामं असत्यात. आता लग्नाला तेवढं या. तुमचं लई नाव घेती ती."

येते म्हणाले, आणि मोबाइल तिच्या हातात दिला.