आत्याबाईंची चक्कर

परळच्या आमच्या वृद्धाश्रमात आज डॉक्टरांनी माझ्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला, आणि त्या झोंबऱ्या वासासरशी मी गिरगावातल्या आश्रमात, नवऱ्याच्या आत्याबाईंच्या खाटेशी जाऊन पोचले. तिशीतली मी, अंगावर हिंदमाता मार्केटातली नवी साडी आणि तोंडाचा पट्टा चालू.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आत्याबाई, झोप लागते?"

"छान लागते हो," मी म्हटलं.

"चक्कर?"

"छे, अजिबात नाही."

जशी काही मीच त्यांच्या डोक्यात मुक्कामाला होते.

आत्याबाईंनी पुढे केलेलं मनगट मागे घेतलं आणि माझा हात धरून डॉक्टरांपुढे ठेवला. "हिचीच नाडी बघा. माझी दुखणी सगळी हिच्याकडे असतात."

डॉक्टर हसले, मीही शहाणी हसले. गोळीने गरगरतं, हे आत्याबाई सांगणार होत्या. ते राहिलं आणि गोळी तीच राहिली.

आज माझ्याही नव्या गोळीने सकाळपासून भिंती फिरताहेत. डॉक्टरांनी मात्र ठाण्याला सुनेला फोन लावला. "आजींना चक्कर येते का?"

"नाही हो," सून ठणकावून म्हणाली.

"अहो, येते. मला विचारा की," मी म्हटलं.

"एक मिनिट आजी," डॉक्टर म्हणाले, "सूनबाईंशी बोलतोय ना."