बारा वाट्यांचं पाकीट

कुणावरही विश्वास न ठेवण्याच्या बाबतीत आमच्या समोरच्या तारमास्तरांचा हात धरणारा माणूस उभ्या नंदुरबार जिल्ह्यात झाला नाही. नील, ईरा, लहानपणी सुट्टीत माझ्याकडे आलात की ज्यांच्या फाटकावरची तीन कुलपं पाहून तुम्ही हसायचात, ते हे. तारखातं बंद पडलं त्याच्या आधीच ते निवृत्त झाले होते, पण गावासाठी शेवटपर्यंत तारमास्तरच राहिले. त्या तीन कुलपांपैकी एक नुसतंच लटकवलेलं असे. "चोरना येळ जावाले पाहिजे," असं त्याचं कारण ते देत. फोन उचलल्यावर ते स्वतःचं नाव सांगत नसत. समोरचा "मी बोलतोय" म्हणाला की "मी ते मी बी शे," म्हणून ठेवून देत. बँकेच्या एका कागदावर त्यांनी जन्मतारीख मुद्दाम चुकीची लिहिली, खरी कुणाच्या हाती लागू नये म्हणून. पुढे चुकीची कोणती लिहिली हेच विसरले, आणि स्वतःच्याच पेन्शनसाठी स्वतःची ओळख पटवताना त्यांची आणि बँकेची सारखीच दमछाक झाली. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, हे सगळं पाहून म्हणत, "आते माले बी एखादं कुलूप लाई द्या."

या स्वभावाचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं. गावातल्या प्रत्येकाचं लग्न, बदली, आजारपण आधी त्यांच्या हाताखालून गेलेलं. शुभेच्छांच्या तारांना तेव्हा आकडे असत. ठरलेला आकडा पाठवला की पलीकडे आख्खं वाक्य उमटायचं. तेव्हापासून शब्द जसाच्या तसा बोलणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. पाहुणे आले, चहा टाका, हेसुद्धा ते घरात आकड्यांत सांगत, आणि वहिनी मुद्दाम पाहुण्यांसमोर मोठ्याने विचारत, "सतरा म्हंजे साखर का चहापत्ती?"

त्यांचा मुलगा भूषण कॅनडात संगणकाच्या नोकरीत होता. सून आणि नात हेतल इथेच, समोरच्या घरात. सून रोज बसने शहाद्याला जाऊन शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. भूषण दर महिन्याला थोडी थोडी क्रिप्टोची नाणी घेऊन ठेवत असे. एका दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्याने जाहीर केलं की ही नाणी हेतलच्या कॉलेजसाठी आहेत आणि ती आबांनी सांभाळायची. "मन्हाकडे ऱ्हायनी ते मी मधमाच मोडसू," तो म्हणाला. "आबा, तुमनाइतलं कुलूपबंद मन्हा वळखमा दुसरं काही नही. फक्त एक चांगलं वॉलेट निवडा."

ते वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं पाकीट, निवडण्याचं काम तारमास्तरांनी मुलीसाठी स्थळ पाहावं तसं केलं. घराणं काय, वय काय, आजवर काही बभ्रा झालाय का. दर रविवारी टिपणं घेऊन ते माझ्याकडे येत, कारण मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलेली बाई. पहिल्या प्रकारात नाणी एका कंपनीच्या ॲपवर राहत आणि किल्लीही कंपनीच सांभाळी. हे कळल्याबरोबर त्यांनी काट मारली. "बाई, दुसराना खिसामा ठेवेल पाकीट कोनं शे?" दुसऱ्यात किल्ली आपल्याच फोनमध्ये, पण फोन सतत इंटरनेटला जोडलेला. "हाई ते दरवाजा उघडा ठेई झोपानं व्हयनं." तिसरा प्रकार म्हणजे बोटभर लांबीचं एक यंत्र, ते इंटरनेटपासून तोडून कपाटात ठेवायचं. त्याला कोल्ड वॉलेट म्हणतात असं मी सांगितलं, तर वहिनी आतून ओरडल्या, "मंग फ्रीजमा ठेवा, दहीना मांगे!" तारमास्तर हसले नाहीत. ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं, की मालकांचा स्वभाव कसा आहे आणि त्यांना काही व्यसन आहे का. उलट टपाली कंपनीच्या संगणकाने "आपल्या पत्राबद्दल आभार" एवढंच कळवलं. तारमास्तर खूश झाले. "उत्तर दिधं, पन सांगं काहीच नही. मानूस चांगला शे."

पहिलं यंत्र त्यांनी परत पाठवलं, कारण खोक्यावरची चिकटपट्टी वाकडी होती. दुसरं आलं, ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी लाल तिखटाच्या डब्यात पुरलं, म्हणजे हात घालणारा चोर निदान शिंकेल तरी. सुरू होताना यंत्राने त्यांना बारा इंग्रजी शब्द दाखवले होते. यंत्र हरवलं, बिघडलं, तरी हे बारा शब्द क्रमाने दिले की नाणी परत मिळतात, आणि ते दुसऱ्या कुणाला कळले तर नाणी त्याची. भूषणने बजावलं होतं की फोटो काढायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, आणि कागद जळतो म्हणून शब्द धातूवर कोरायचे. धातूवर कोरायचं म्हटल्यावर आपल्याकडे भांड्यांचं दुकान आठवतं. त्यांनी स्टीलच्या बारा वाट्या घेतल्या आणि भांड्यांवर नाव टाकतात तसा प्रत्येकीच्या बुडाला एक शब्द आणि एक आकडा टाकून घेतला. तीन दुकानांत चार-चार, म्हणजे कुठल्याच दुकानदाराला सगळं कळू नये. त्यातही शब्द इंग्रजी ठेवले नाहीत, त्यांचं अहिराणी केलं. शब्द कोणते ते नाही, पण ही युक्ती मात्र ते मला मुद्दाम सांगायला आले. "बाई, चोरले इंग्रजी येस. अहिराणी कोठे येस?" आयुष्यभर मी मुलांकडून भाषांतरं करून घेतलेली. मी त्यांना शाबासकी दिली. ती शाबासकी पुढे मला फार बोचली.

दोन वर्षांनी भूषण गेला. बर्फावरून गाडी घसरली, एवढंच कळलं. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत होती आणि भर दुपारी वाऱ्याबरोबर ठसका येत होता. नोकरीत असताना वाईट तार आली की तारमास्तर ती शिपायाकडे देत नसत, स्वतः घेऊन जात आणि हातात देण्याआधी म्हणत, "पहिले पानी प्या." त्या दुपारी त्यांच्या स्वतःच्या फोनवर एक ओळ आली, आणि त्यांना पाणी प्या म्हणायला जवळ कुणीही नव्हतं. तेराव्यानंतर त्यांनी फाटकाला चौथं कुलूप लावलं. रविवारी येणं बंद झालं. पुढच्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, वाचताही येईनासं झालं. तोंडात एकच शब्द उरला, "नही". पाणी हवं असलं तरी "नही", आणि हेतल कॉलेजातून आली की आनंदानेसुद्धा "नही".

हेतल बारावी झाली. सुरतेला फार्मसीला नंबर लागला. प्रवेशाला दहा दिवस उरले तेव्हा वहिनींनी तिखटाच्या डब्यातून यंत्र काढलं. त्याचा पिन तारमास्तरांनी कुठेही लिहिलेला नव्हता. वाढदिवस, घर नंबर, गाडी नंबर असं सगळं करून पाहिलं, आणि ठरावीक वेळा चुकल्यावर यंत्राने, तसंच बनवलेलं असल्यामुळे, स्वतःला पुसून कोरं करून टाकलं. आता उरल्या त्या वाट्या. घर धुंडाळलं तर अकराच निघाल्या. बारावी दोन दिवसांनी माझ्याच मांडणीत सापडली. वहिनींनी कधी तरी तिच्यातून मला लोणचं दिलं होतं. रिकामी वाटी परत पाठवू नये, काही तरी घालून पाठवू, असं म्हणता म्हणता ती माझ्याकडेच राहिली. बुडाला "वारना" लिहिलं होतं. ते मी कुणाचं तरी आडनाव समजत होते.

मी आणि हेतल त्यांच्या खाटेजवळ टेबल ओढून बसलो. या यंत्रांचे शब्द एका ठरलेल्या यादीतूनच येतात. यादी दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची आहे आणि कुणालाही पाहता येते. मी ती छापून आणली. घोडा, सोनं, मीठ हे सहज सुटले. "वावर" म्हणजे फील्ड की फार्म? यादीत दोन्ही. "पानी" म्हणजे वॉटर, पण इथे पावसालाही पानीच म्हणतात, आणि रेनही यादीत होता. "पोर"चं मी चाइल्ड केलं, तर हेतल उसळली, "आजी, पोर म्हंजे पोरगी! पोऱ्याले पोर कोन म्हनस?" म्हणून गर्ल आणि डॉटर. तारमास्तरांना विचारून पाहिलं.

"फील्ड?"

"नही."

"फार्म?"

"नही."

डाव्या हाताने ते खाटेची पाटी बडवत, आणि डोळ्यांतून पाणी. मग मी विचारणं सोडून दिलं.

"वारना" मात्र सुटेना. वारना म्हणजे वारला, मेला, हे कुणीही सांगेल, पण यादीत डाय नाही, डेड नाही, डेथ नाही. डिमाइस होता, डिपार्ट होता. एकेक घालून, बाकीच्या शब्दांचे पर्याय बदलून पाहत राहिलो. यंत्र प्रत्येक वेळी चूक म्हणे. आठव्या दिवशी एका जुळणीला त्याने होकार दिला, आणि हेतल उभीच राहिली. पाकीट उघडलं. आत शून्य.

"कोनी लई गयं का?" वहिनींनी विचारलं.

हेतलने फोनवर वाचून सांगितलं की चुकीच्या शब्दांनीही क्वचित एखादं पाकीट उघडतं. ते आपलं नसतं. कधी कुणी न वापरलेलं, रिकामं असतं. वहिनींनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. हेतल यादीची पानं नीट लावून म्हणाली, "आजी, ऱ्हाऊ द्या. मी अठेच बीएस्सी करसू." दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसले होते. आमटीचा घास हातात होता, आणि एकदम माझे वडील आठवले. ते साताऱ्याला निवर्तले तेव्हा तार याच माणसाने आणली होती. मी दारातच पाणी प्यायले, कागद उघडला, आणि इंग्रजीची शिक्षिका असून मला एक अक्षर वाचता येईना. तेव्हा त्यांनीच हळू आवाजात सांगितलं, "बाई, तुमना वडील वारनात." कागदावर लिहिलं होतं: फादर एक्सपायर्ड, स्टार्ट इमिजिएटली. माझ्या इंग्रजीत एक्सपायर होतात ती औषधं. तारेच्या इंग्रजीत माणसं होत.

उष्ट्या हातानेच यादी उघडली. होता.

ताट तसंच टाकून मी रस्ता ओलांडला. एक्सपायर घालून बाकीच्या जुळण्या पुन्हा एकेक करून पाहिल्या. फार्म नव्हे, फील्ड. वॉटर नव्हे, रेन. चाइल्ड नाही, गर्ल नाही, डॉटर. पाकीट उघडलं, आणि भूषणने पाठवलेलं सगळं आत होतं, महिन्यामागून महिना, शेवटच्या महिन्यापर्यंत. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या. हेतलने पडदा आजोबांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांना आकडे कळले की नाही कोण जाणे, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते अगदी हळू म्हणाले, "नही. नही." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली, माझ्या हातातल्या कागदाकडे गेली, आणि आवाज चढला. डावा हात माझ्यावर रोखून "नही! नही!" सुरू झालं.

वहिनी शरमल्या. "अहो, बाईस्नीच उघाडी दिधं, आनि बाईवरच शक?"

पण त्यांचं बरोबर होतं. बाराच्या बारा शब्द बाहेरच्या माणसाला कळले होते. मी हेतलला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता नवं पाकीट कर, सगळं त्यात हलव, आणि नवे शब्द मला दाखवू नकोस." कागद तिच्या हातात दिला आणि निघाले. माझ्यामागे दार लागलं, आतून कडी पडली, तेव्हा कुठे त्यांचा आवाज थांबला.

प्रवेश झाला. हेतल सुरतेला गेली, आणि त्याच थंडीत एका सकाळी तारमास्तर गेले. तुम्हाला मी हे फोनवर कळवलं होतं, पण घाईत. वहिनी आता सुनेबरोबर शहाद्याला असतात.

ते जुने बारा शब्द आता नुसतंच एक रिकामं पाकीट उघडतात. ते कुणालाही सांगितले तरी चालतील, असं हेतल म्हणते. तुम्हाला इथे त्यातले काही सांगितले, पण सगळे नाही, आणि क्रम तर मुळीच नाही. हल्ली माझी विस्मृती वाढली आहे. परवा दूधवाल्याचं नाव आठवेना. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना मी ते बारा शब्द क्रमाने म्हणून पाहते, मनातल्या मनात, ओठ न हलवता. अजून एकही चुकलेला नाही.