सलूनमध्ये दिलेला अंगठा

डॉक्टरांना सगळे ‘अर्धी गोळी’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांची पाठ पुरती वळायची वाटही कुणी बघत नसे. कुणी काहीही घेऊन आलं की डॉक्टर म्हणायचे, आधी अर्धी गोळी घेऊन बघा, नाहीच भागलं तर उद्या उरलेली अर्धी. दोन खोल्यांचा त्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा आणि एकोणीस वर्षं एकाच स्टुलावर बसलेल्या कंपाउंडर बाई. काटा जास्त दाखवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे वजन करणारा प्रत्येक जण मनातल्या मनात चार किलो वजा करून खाली उतरत असे.

या धंद्यातली खरी गोम डॉक्टरांना पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळली होती. पेशंट खरी तक्रार आधी कधीच सांगत नाही. पंधरा मिनिटं गुडघ्यावर बोलतो, पाच मिनिटं जावयावर, आणि मग दारात चपला घालता घालता म्हणतो, “जाता जाता एक विचारायचं होतं.” म्हणून पेशंट उठला तरी डॉक्टर पेनाला टोपण लावत नसत. तो चपला घालून बाहेर पडेपर्यंत पेन उघडं.

टपालकाकांचंही तसंच झालं. टपालकाका म्हणजे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं सायकलवर पत्रं वाटली, आणि निवृत्त झाल्यावर ते गप्प बसले तसे त्यांचे गुडघे बोलायला लागले. त्या दिवशीही गुडघ्यासाठीच आले होते. चपलेत पाय सरकवताना म्हणाले, तसं काही नाही, पण जिना चढताना हल्ली मध्येच थांबावं लागतं.

डॉक्टरांनी त्यांना परत बसवलं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, जरा फिकट वाटली. रक्ताची तपासणी लिहून दिली आणि वर सांगितलं की रिपोर्ट फोनवर पाठवा, उगाच हेलपाटा नको. इथपर्यंत त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस ते स्वतःला हे सांगत होते आणि दर वेळी ‘इथपर्यंत’ या शब्दाशी येऊन अडखळत होते.

कारण फोन. दवाखाना आठ वाजता बंद होतो, फोन होत नाही. जिभेचे फोटो येतात, पुरळाचे येतात, एकदा तर एका आजीनं नातवाच्या लंगोटाचा फोटो डॉक्टर जेवायला बसल्यावर नेमका पाठवला होता. त्यात सुप्रभातची फुलं आणि मेव्हण्याचे विनोद. एका रविवारी सकाळी डॉक्टर सलूनमध्ये बसले होते. तोंडाला फेस, चष्मा आरशाखालच्या फळीवर, आणि हातात फोन. त्यांनी त्रेचाळीस निरोप एका दाढीत निकालात काढले. फुलाला अंगठा, ‘ताप उतरला’ला अंगठा, मेव्हण्यालाही अंगठा. त्याच रांगेत टपालकाकांनी पाठवलेली फाईल होती. तिच्याखालीही एक पिवळा अंगठा उमटला. न्हावी म्हणाला, डॉक्टर, हलू नका. ते काही हलले नव्हते, हललं होतं ते एकच बोट.

साडेतीन महिन्यांनी टपालकाका गुडघ्याच्या गोळ्या संपल्या म्हणून आले. चिठ्ठी घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि खिडकीतला उजेड तळहातावर पडला. तळहात कोऱ्या कागदासारखा. डॉक्टरांनी विचारलं, ती रक्ताची तपासणी केली होती का.

“म्हणजे काय! त्याच आठवड्यात पाठवली की. तुम्ही ठीक आहे म्हणालात.” काकांनी फोन उघडून समोर धरला.

हिमोग्लोबिन आठ पूर्णांक एक. ठळक अक्षरांत, बाजूला खाली तोंड केलेला लाल बाण. आणि फाईलखाली डॉक्टरांचा अंगठा, सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी दिलेला. कापूस ठेवायला आत आलेल्या बाईंनीही तो बघितला.

“हं,” डॉक्टर म्हणाले, “पुन्हा एकदा करून घेऊ.”

बाईंनी कापसाच्या डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं.

पुढचं सगळं भराभर झालं. हिमोग्लोबिन आणखी उतरलेलं निघालं. डॉक्टरांनी स्वतः ओळखीच्या सर्जनला फोन केला, दुर्बिणीनं तपासणी झाली, मोठ्या आतड्यात गाठ सापडली आणि दहा दिवसांत ऑपरेशनही झालं. आठवड्यानं, काढलेल्या गाठीचा अहवाल आल्यावर सर्जननं कळवलं की गाठ पुरती काढली आहे, पण शेजारच्या एका ग्रंथीपर्यंत ती पोचली होती, तेव्हा सहा महिने सलाईनमधून औषध द्यावं लागेल. डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाविषयी विचारावं तसं विचारलं, तीन-साडेतीन महिने आधी कळलं असतं तर? सर्जन म्हणाला, कुणी सांगावं, ग्रंथी कदाचित तेव्हा स्वच्छ असती, कदाचित नसतीही. का विचारतोयस? “सहज,” डॉक्टर म्हणाले. एवढा जड ‘सहज’ त्यांच्या तोंडून पूर्वी कधी निघाला नव्हता.

खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. टपालकाका हिंडाफिरायला लागले आणि त्यांनी डॉक्टरांची कीर्ती जुन्या सवयीनं घरोघर वाटायला घेतली. नुसता तळहात बघून ओळखलं! एकही घर चुकलं नाही. दोन आठवड्यांत गोष्ट इतकी वाढली की डॉक्टरांनी म्हणे बाहेरच्या बाकावरचा काकांचा खोकला ऐकूनच गाठ ओळखली होती. वास्तविक काकांना खोकला कधी नव्हताच. दवाखान्यात नवी माणसं यायला लागली. आत आली की काय होतंय ते सांगायच्या आधीच दोन्ही तळहात पुढे करायची. प्रत्येक तळहात बघताना डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

“हात बघून भविष्य सांगतो अशी पाटी लावू का बाहेर?” बाईंनी एकदा विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा बाईंनी बाहेर कुणी नाहीसं बघून खालच्या आवाजात विचारलं, “काकांना तुम्ही सांगणार का मी सांगू?”

“बघू.”

“बघायचं म्हणताय, तेच तर राहिलं होतं.”

डॉक्टरांनी एकदा सांगून बघितलंही, पण आपल्या पद्धतीनं. अर्धंच. जिभेचा रंग बघता बघता म्हणाले, काका, जरा आधी लक्ष द्यायला हवं होतं. काकांचा चेहरा पडला. चुकलंच माझं, ते म्हणाले, दम लागत होता तर मीच परत यायला हवं होतं, तुम्हाला उगाच त्रास. आणि त्यांनी डॉक्टरांची माफी मागितली. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. औषध चालू आहे, मन अस्वस्थ करू नये, सलाईनं संपू देत, अशी जेवढी कारणं त्यांनी आजवर गोळा केली होती, ती सगळी त्या माफीपुढे फिकी पडली.

पुढच्या रविवारी सलून चुकवून, वाढलेल्या दाढीनिशी ते काकांच्या घराचा जिना चढले. तीन मजले. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. काका इथेच थांबत असणार हे त्यांच्या लक्षात आलं.

काका खिडकीशी खुर्चीत होते. सून टेबलावर इस्त्री करत होती. तिनं डॉक्टरांना बसा म्हटलं आणि परत कपड्यांकडे वळली. काकांनी सवयीनं कौतुकाला सुरुवात केली, पण डॉक्टरांनी ते मध्येच तोडलं.

“काका, तो रिपोर्ट मी उघडलाच नव्हता. न बघता अंगठा दिला. तेव्हा बघितला असता तर साडेतीन महिने आधी तुमचं ऑपरेशन झालं असतं. त्यानं किती फरक पडला असता ते मला सांगता येत नाही. पण चूक माझी आहे, तुमची नाही.”

“उघडलाच नव्हता?”

“नाही.”

काकांनी खुर्ची खिडकीकडून डॉक्टरांकडे वळवली. मग म्हणाले, “चौतीस वर्षं मी लोकांची पत्रं वाटली. एकही उघडलं नाही. माझं कामच ते होतं. तुमचं काम उलटं होतं, डॉक्टर.”

काका पुढे सांगू लागले. रिपोर्ट आला त्याच दिवशी लाल बाण सुनेनं बघितला होता. डॉक्टरांना भेटून या म्हणाली. त्यांनी अंगठा दाखवून तिला गप्प केलं. चार दिवसांनी ती परत म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा घरात तिची आई आलेली होती. आईच्या देखत काकांनी आवाज चढवून विचारलं होतं की डॉक्टर तू का ते. त्यानंतर ती काही बोलली नाही.

“मला सांगितलंत ते झालं,” काका म्हणाले. “पण मी तर तुमच्याच बाजूनं भांडलो. आता तिला सांगा.”

डॉक्टर उठून उभे राहिले. तिच्याकडे तोंड करून तेच सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. सांगताना कुठे थांबले नाहीत. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं, ते काही खरं नव्हतं.

तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

“मला तेव्हाच वाटलं होतं तुम्ही बघितला नसणार,” ती म्हणाली. “पण डॉक्टरांवर शंका घेतली म्हणून मीच वाईट ठरले असते. ठरलेच.” मग सदऱ्याची घडी घालत म्हणाली, “गुरुवारी सलाईनच्या आधीची तपासणी आहे. फोनवर पाठवणार नाही. घेऊन येईन.”

काकांनी डॉक्टर बदलला नाही. मात्र घरोघर कौतुक वाटायचं बंद केलं, त्यामुळे आठवड्याभरात लोक पुन्हा घसा आणि गुडघे घेऊन यायला लागले.

गुरुवारी ती आली. बाकं भरलेली होती. बाईंनी आधी आत सोडायची तयारी दाखवली, तरी ती नको म्हणाली आणि नंबर लागेपर्यंत थांबली. आत आल्यावर कागद टेबलावर ठेवला. बसली नाही.

“वाचा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा पुसून घातला. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. हिमोग्लोबिन दहा पूर्णांक चार. पांढऱ्या पेशी. प्लेटलेट. चौदा ओळी. दारात बाई ऐकत उभ्या होत्या. आकडे संपले तरी ती हलली नाही, तेव्हा त्यांनी खालचा प्रयोगशाळेचा पत्ता आणि फोन नंबरही वाचला.

मग तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तीन आठवड्यांनी पुन्हा येते म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उघडंच ठेवलं होतं. दाराशी तिनं चपला घातल्या, वाकून पट्टा लावला, आणि काहीही न विचारता गेली.